डिझेलचा धूर आणि नियमांची फूटपट्टी

पेट्रोलपंपाशेजारी उभ्या असलेल्या व्हॅनमध्ये पी.यू.सी.चा दाखला मिळतो, हे आपण सर्वजण जाणतो. पण दोन मोटारींचे दाखले शेजारी ठेवून पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. पेट्रोल गाडीच्या दाखल्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे आकडे असतात. डिझेल गाडीच्या दाखल्यावर असतो फक्त धुराचा आकडा. असे का? डिझेलच्या धुरात दुसरे काही नसते का? याचे उत्तर शोधताना गेल्या तीन दशकांचा इतिहास चाळावा लागतो, आणि त्यातला बराचसा आपल्या पुणे जिल्ह्यातच घडलेला आहे.

दोन इंजिने, दोन प्रकारची घाण

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९०च्या दशकात तयार केलेल्या इंजिनात ठिणगी नसते. तेथे फक्त हवा जोराने दाबली जाते. दाबामुळे ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. एकूण हवा गरजेपेक्षा जास्त असल्याने कार्बन मोनॉक्साइड फारसा तयार होत नाही. परंतु फवाऱ्याच्या गाभ्यात हवा पुरत नाही, तेथे काजळी तयार होते. फवाऱ्याच्या कडेला उष्णता आणि ऑक्सिजन दोन्ही भरपूर असतात, तेथे हवेतल्याच नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात.

अडचण अशी की ज्वलनाचे तापमान वाढवले तर काजळी जळून जाते, पण नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. तापमान उतरवले की नेमके उलट होते. काजळी डोळ्यांना दिसते. ऑक्साइडे इतक्या कमी प्रमाणात असतात की बहुधा दिसत नाहीत. मात्र ती श्वासनलिकेचा दाह करतात आणि सूर्यप्रकाशात ओझोन तयार होण्यास हातभार लावतात.

१९८९ची मोजणी

१९८८च्या मोटार वाहन कायद्याखाली १९८९ साली केंद्रीय मोटार वाहन नियम आले. त्यातील ११५व्या नियमाने रस्त्यावरील गाड्यांच्या धुराला मर्यादा घातली. डिझेल गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबायचा आणि धुरातून प्रकाशकिरण सोडून किती प्रकाश अडला ते मोजायचे, अशी ही चाचणी आहे. मर्यादा होती ६५ हार्ट्रिज एकके, म्हणजे ४३ सेंटिमीटर लांबीच्या धुराच्या थरात ६५ टक्के प्रकाश अडला तरी चालेल.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना येथे लॉगॅरिदमचा चांगला उपयोग दाखवता येईल. ३५ टक्के प्रकाश पार जातो, म्हणून शोषणांक = −लॉग(०.३५) ÷ ०.४३. लॉगॅरिदम नैसर्गिक घेतला, तर उत्तर येते सुमारे २.४४. नियमांत २.४५ प्रति मीटर असा आकडा आहे, तो येथूनच आलेला. भारत स्टेज-४च्या गाड्यांसाठी ही मर्यादा १.६२ झाली आणि भारत स्टेज-६साठी ०.७. ०.७ म्हणजे किती टक्के प्रकाश अडतो, हे विद्यार्थ्यांनाच काढायला सांगावे. उत्तर सुमारे २६ टक्के येईल.

गणित सुंदर आहे, पण यात मोजली जाते ती काजळी. शिवाय गाडी ओझ्याशिवाय जागच्या जागी उभी असते. नायट्रोजनची ऑक्साइडे अधिक निर्माण होतात ती इंजिनावर भार असताना. माणसांनी भरलेली वडापची जीप भोरहून वरंधा घाट चढते किंवा भाटघरच्या जलाशयाकाठच्या गावांकडे चढणीला लागते, तेव्हा नळीतून काय बाहेर पडते, हे तो दाखला सांगू शकत नाही.

सवलत कोठे लिहिली होती?

ऑक्साइडांची मोजणी होत होती, पण ती प्रयोगशाळेत. नवे मॉडेल बाजारात येण्यापूर्वी ते पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) यांसारख्या संस्थेत रोलरवर चालवून तपासले जाते. डिझेल गाड्यांसाठी अशा मर्यादा १९९२पासून आल्या. त्या ग्रॅम प्रति किलोमीटरमध्ये मोजतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे मोटारींसाठीचे आकडे पाहा :

भारत स्टेज-३ : पेट्रोल ०.१५, डिझेल ०.५०
भारत स्टेज-४ : पेट्रोल ०.०८, डिझेल ०.२५
भारत स्टेज-६ : पेट्रोल ०.०६, डिझेल ०.०८

म्हणजे दीर्घकाळ डिझेल मोटारीला पेट्रोल मोटारीच्या तिप्पट मुभा कायद्यानेच दिली होती. मूळ युरोपीय मानकांतही ती होतीच. गाडी जड असेल किंवा तिच्यात सहापेक्षा जास्त प्रवासी बसत असतील, तर मर्यादा आणखी सैल होत असे. सर्वांत जड गटाला स्टेज-४मध्ये ०.३९ची परवानगी होती.

तिसरी सवलत भौगोलिक होती. १ एप्रिल २०१० रोजी स्टेज-४ लागू झाले ते दिल्ली परिसर आणि मोजक्या मोठ्या शहरांत. महाराष्ट्रातून त्या यादीत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. उरलेल्या भागाला स्टेज-३. भाटघर पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, पण नियमांच्या नकाशात ते दुसऱ्या प्रदेशात पडले. पुण्यात दशलक्ष भागांत ५० भाग गंधक असलेले डिझेल, तर बाहेर ३५० भागांचे. गंधक जास्त असले की धूर शुद्ध करणारी उत्प्रेरक साधने निकामी होतात. त्यामुळे इंधन सुधारल्याशिवाय गाडी सुधारत नाही. देशभर स्टेज-४ यायला २०१७चा एप्रिल उजाडला. नंतर स्टेज-५ वगळून १ एप्रिल २०२०पासून सर्वत्र स्टेज-६ आणि १० भाग गंधकाचे इंधन आले.

परीक्षेपुरता अभ्यास

प्रश्नपत्रिका आधीच ठाऊक असली, तर विद्यार्थी तेवढाच अभ्यास करतो. २०१३ साली जनरल मोटर्सने आपल्याकडच्या सुमारे १ लाख १४ हजार तवेरा गाड्या परत मागवल्या. तपासणीसाठी ठेवलेल्या गाड्यांना निवडक, कमी उत्सर्जनाची इंजिने बसवली जात होती आणि सैल गटात बसावी म्हणून गाडीचे वजन बदलून दाखवले जात होते, असे कंपनीनेच सांगितले.

सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनचे प्रकरण बाहेर आले. चाचणी चालू आहे हे गाडीतील संगणक ओळखत असे आणि तेवढ्यापुरती ऑक्साइडे कमी करत असे. हे उघड होण्याचे कारण साधे होते. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी मोजणीचे उपकरण गाडीत ठेवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली होती. भारतातही पुण्याच्या संस्थेने तपासण्या केल्या आणि डिसेंबर २०१५मध्ये कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत मागवण्याचे जाहीर केले.

यातून धडा घेऊन १ एप्रिल २०२३पासून आपल्याकडेही नव्या मॉडेलांची रस्त्यावरील चाचणी सक्तीची झाली. आता प्रयोगशाळेतील आकडा रस्त्यावरही बऱ्याच अंशी टिकावा लागतो.

परंतु आधी विकल्या गेलेल्या गाड्यांना हा नियम लागू नाही. त्यांच्यासाठी आजही तीच व्हॅन, तीच नळी आणि धुराचाच आकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणारा म्हणून नोंदवला. शाळेसमोरच्या थांब्यावर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या जीपजवळ मुले रोज उभी असतात. जीपकडे वैध दाखला असेलही. म्हणून विज्ञानाच्या तासाला एखादा पी.यू.सी.चा दाखला वर्गात आणावा आणि मुलांना दोन प्रश्न विचारावेत : यात काय मोजले आहे? आणि काय मोजलेले नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुले मोजमापाच्या मर्यादा शिकतील, आणि थांब्यावर उभ्या असलेल्या जीपचे इंजिन बंद करायला सांगण्याचे कारणही त्यांना कळेल.