मैल्याचा नळ

टेंभी नाक्याच्या आसपास जुन्या ठाण्यांतील जीं घरें अद्याप उभीं आहेत, त्यांच्या दर्शनी बाजूकडे जाणाऱ्यायेणाऱ्याचें लक्ष सहज जातें. लाकडी कठडे, उतरतें छप्पर, पुढचा ओटा यांचें कौतुकहि होतें. परंतु घराचा इतिहास वाचावयाचा असेल तर मागील भिंतीकडे गेलें पाहिजे. वरच्या मजल्यापासून जमिनीपर्यंत एक जाड, काळा, बिडाचा नळ तेथें उतरलेला असतो. त्याच्या एखाद्या सांध्यांतून पिंपळाचें रोप डोकावत असतें, आणि शेजारीं भिंतीवर ओल पसरलेली असते. पाहुण्यांसमोर त्या ओलीचा उल्लेख कोणी करीत नाहीं. वस्तुतः घराच्या रहाणींत या नळाइतका पालट घडवून आणणाऱ्या वस्तू फार थोड्या.

घर आधीं बांधलें गेलें, नळ मागाहून आला. तत्पूर्वीं होता तो शेतखाना. हा शब्द मूळचा फारसी ‘सेहतखाना’, म्हणजे आरोग्याचें घर. तें आरोग्य कोणाच्या जिवावर राखलें जाई, हें शब्द सांगत नाहीं. शेतखान्याखालीं टोपली असे, आणि ती उचलण्यास येणारें माणूस मागल्या बोळानें येई व मागल्या बोळानेंच जाई. मुंबईंत दोन इमारतींमधील अशा बोळास घरगल्ली हें नांव पडलें, आणि या सेवेसाठीं १८८८ च्या महापालिका कायद्यांत ‘हलालखोर कर’ या नांवाचा स्वतंत्र करच घातला गेला. एका कुटुंबाची स्वच्छता म्हणजे दुसऱ्या कुटुंबाची पिढीजात अप्रतिष्ठा, असा हा हिशेब होता.

मैला पाण्याकडून वाहून न्यावा, ही कल्पना नवी नव्हे. मोहेंजोदडोच्या घरांतील सांडपाणी साडेचार हजार वर्षांपूर्वीं रस्त्याच्या विटबंदी गटारांस मिळत होतें. आधुनिक काळीं तिला पुन्हा चालना मिळाली ती लंडनमध्यें. अलेक्झांडर कमिंग या घड्याळें करणाऱ्या कारागिरानें १७७५ सालीं नळास वळण देऊन त्यांत पाणी अडवून ठेवण्याची युक्ति काढली. त्या पाण्यामुळें गटाराची दुर्गंधि घरांत शिरेनाशी झाली. पुढें १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्स नदी इतकी नासली कीं पार्लमेंटांत बसणें अवघड झालें. तेव्हां कोठें बॅझलगेट या अभियंत्याच्या भुयारी गटारांस पैसा मिळाला. त्याच शतकाच्या उत्तरार्धांत मुंबईंतहि असें काम सुरू झालें. ठाण्यास आगगाडी १८५३ सालीं आली, नगरपालिका १८६३ सालीं. परंतु नगरपालिका मिळणें आणि घरोघर मैल्याचा नळ पोंचणें, या दोन गोष्टींत आपल्याकडील गांवांनीं फार मोठें अंतर पाडलें. रत्नागिरीच्या तुरुंगांत मैला काढण्याचें काम स्वतः करण्याची मुभा मिळावी म्हणून अप्पासाहेब पटवर्धनांनीं १९३२ सालीं अन्न वर्ज्य केलें, आणि येरवड्यांत गांधीजींनीं त्यांच्यासाठीं उपोषण आरंभिलें. टोपलीचा प्रश्न त्या वेळीं इतका जिवंत होता.

असा हा नळ गळूं कां लागतो? बिडाच्या प्रत्येक तुकड्याचें वरचें तोंड रुंद असतें. वरील तुकड्याचें टोंक त्यांत बसवून, फटींत ताग ठासून, त्यावर वितळलेलें शिसें ओतीत. ही जोडणी पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तथापि बीड गंजतें, घर थोडें खचतें, सांधा हलतो, आणि पक्ष्यांनीं आणलेलें पिंपळाचें बीं तेथें रुजतें. पाणी व खत दोन्हीं त्यास जाग्यावरच मिळतात! अशा वेळीं वरून सिमेंटचा लेप देण्याची रीत आहे. त्यानें बहुधा गळती थांबत नाहीं, तिची वाट मात्र बदलते. पाणी भिंतींत मुरतें आणि तुळयांचीं टोकें कुजवितें.

म्हणून नळ बदलणें हाच खरा उपाय. प्रथम सर्व मजल्यांवरील वापर बंद करावा. जुना नळ दोरांनीं बांधून वरून खालीं उतरवावा. नवा खालून वर चढवावा. जमिनींतील चार इंची नळास चाळीस फुटांस एक फूट उतार द्यावा, हा जुना दंडक आहे. उतार कमी पडला तर मैला सांचतो. हवेचा नळ छपराच्या वर न्यावा. नाहीं तर वरच्या मजल्यावरून कोसळणारें पाणी खालच्या वळणांतील पाणी ओढून नेतें व घरांत घाण सुटते. आणि प्रत्येक वळणावर उघडतां येईल असें झांकण ठेवावें.

येथें प्रश्न खर्चाचा येतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या घरांचीं भाडीं सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधलीं गेलीं, आणि दुरुस्तींतील मालकाचा रस आटला. १९९९ च्या कायद्यानें दुरुस्ती मालकाचें कर्तव्य ठरविलें आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनहि त्यानें ती न केल्यास भाडेकरूनें करावी व खर्च भाड्यांतून वळता करावा. परंतु एका वर्षांत वार्षिक भाड्याच्या चतुर्थांशाहून अधिक रक्कम वळती करतां येत नाहीं, आणि जुन्या भाड्याच्या चतुर्थांशांत नळाचा एक तुकडाहि क्वचितच येतो. अखेर वर्गणी काढावी लागते, आणि वर्गणी काढतांना पहिली काटछांट होते ती झांकणांची.

ती काटछांट महाग पडते. झांकण असेल तर तुंबलेल्या नळांत सळई घालतां येते. नसेल तर कोणास तरी बोलावून हात घालावयास सांगितलें जातें, आणि घरगल्लीनें जाणारा तो माणूस पुन्हा मागल्या दारीं उभा राहतो. हातानें मैला काढण्याची प्रथा १९९३ व २०१३ च्या कायद्यांनीं निषिद्ध केली आहे. परंतु जुन्या घराच्या मागील भिंतीवर कायद्याचा अंमल कितपत चालावा, हें वर्गणीच्या बैठकींत ठरतें.