वर किती पडलाय?

मंडळी, मी मूळचा सांगलीचा, नोकरीपायी पुण्यात. जूनमध्ये दोन सरी पडल्या की ऑफिसच्या ग्रुपवर एकच विषय, या शनिवारी कुठला धबधबा? सातारा जिल्ह्यात नावांना तोटा नाही. ठोसेघर, भांबवली, लिंगमळा, ओझर्डे...

दोन वर्षांपूर्वी अशाच एका धबधब्याकडे जाताना आम्ही एक ओढा ओलांडला. पाणी घोट्याएवढं. फोटोबिटो काढून अर्ध्या तासाने परत आलो तर तेच पाणी मांडीपर्यंत, आणि चहासारखं लाल. आमच्या डोक्यावर तर थेंबही पडला नव्हता! एकजण म्हणाला, हात धरून साखळी करू. तेवढ्यात पलीकडून गुरं राखणारे एक काका ओरडले, "आरं पोरांनो, थांबा तिथंच! डोंगरात पडलाय. उतरंल की दोन तासांत." थांबलो. थोड्या वेळाने आम्ही उतरणार होतो त्याच जागेवरून एक अख्खं झाड वाहत गेलं. कोणी काही बोललं नाही.

घरी आल्यावर भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. वरचा पाऊस खाली पूर आणतो, हे सांगलीच्या पोराला शिकवावं लागत नाही. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा. तिथे ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ. २००५ साली पाणी ५४ फुटांच्या आसपास गेलं तेव्हा मी दुसरीत होतो. २०१९ मध्ये ते ५७ च्याही वर गेलं. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि दोन-तीन दिवसांत सांगलीत पाणी ५५ फुटांच्या जवळ पोचलं. म्हणून सांगलीकर पावसाळ्यात स्वतःच्या गल्लीतला पाऊस बघत नाही. तो विचारतो, "कोयनेतून किती सोडलं?"

आता गंमत बघा. लिंगमळ्याचा धबधबा वेण्णा नदीचा, आणि ती माहुलीला कृष्णेला मिळते. ओझर्डेचं पाणी कोयनेत, आणि कोयना कऱ्हाडला कृष्णेत. म्हणजे सांगलीत ज्या पाण्याला घाबरायचं, त्याच पाण्याखाली साताऱ्यात जाऊन नाचायचं!

हे भर पावसातलं नाचणं तसं नवीनच. महाबळेश्वरचं थंड हवेचं ठिकाण झालं १८२९ च्या सुमारास, गव्हर्नर माल्कम आणि साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्या काळात. साहेबांचे तिथले सीझन दोन, एक उन्हाळ्यातला आणि दुसरा पाऊस संपल्यावरचा. मधले चार महिने बंगल्यांना गवताने शाकारून मंडळी डोंगर उतरायची. म्हणजे धबधबा बघायचा तो पाऊस ओसरल्यावर.

आपल्या लोकांचा हिशोब वेगळा, पण निष्कर्ष तोच. आजी म्हणायची, "डोहात साती आसरा असतात रे, उतरायचं नाही." इंजिनिअरिंगला असताना मी यावर हसायचो. आता कळतं की धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात शरीर नीट तरंगत नाही. वरून कोसळणारं पाणी माणसाला पुन्हा खाली खेचतं. तळाला कातळातले खळगे दिसत नाहीत. आजीने ही सगळी कारणं एका नावात बसवली होती.

मग गाड्या आल्या, चांगले रस्ते आले, शनिवार-रविवार सुट्टी आली, हातात कॅमेऱ्याचा फोन आला. आजीचा नियम मागे पडला आणि त्या जागी दुसरा काही आला नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याच ऑगस्टमध्ये ठोसेघरच्या वाटेवर बोरणे घाटात फोटो काढताना एक तरुणी दरीत पडली. स्थानिक बचाव पथकाने दोर लावून तिला वर काढलं, म्हणून वाचली.

धबधब्याला जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. मी स्वतः जातो. फक्त आता काही गोष्टी पाळतो. आदल्या दिवशीचा घाटमाथ्याचा पावसाचा आकडा बघतो. प्रशासनाने बंदी घातली असेल तर बेत रद्द. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहायला लागला, आवाज वाढला, की बाहेर, फोटो अर्धा राहिला तरी. ओढा वाढला तर आहे त्याच काठावर थांबायचं. शेवाळलेल्या कातळावर आणि कठड्यापलीकडे पाय टाकायचा नाही. आणि गावातलं कोणी थांब म्हणालं तर वाद घालायचा नाही.

आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी लिहिलेली असते. ओढ्याकाठी तशी पट्टी नसते, म्हणून तो प्रश्न आपणच विचारायचा, वर किती पडलाय?

असो. या शनिवारी ठोसेघरला चाललोय. कठड्याच्या अलीकडूनच बघणार आहे.