स्वस्त कॅमेऱ्याची वाट

छत्रपती संभाजीनगरातील उस्मानपुऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटरवरील अजिंठ्याची छायाचित्रे मेजर रॉबर्ट गिल यांनी दुहेरी भिंगाच्या, म्हणजे पाहणाऱ्याला खोलीचा भास देणाऱ्या कॅमेऱ्याने काढली आणि ती १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मात्र छायाचित्रणाची हौस मध्यमवर्गीय घरांत आणली ती बडोद्यात बनणाऱ्या अ‍ॅग्फा क्लिक-३ ने, ज्याच्या एका रोलवर जेमतेम १२ छायाचित्रे निघत. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मऐवजी संवेदक, म्हणजे प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारी चिप, आल्याने रोलचा खर्च संपला. तथापि अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत फ्लॅशला मनाई असल्यामुळे मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षा मोठा संवेदक आणि अधिक प्रकाश घेणारे भिंग यांचेच मोल अधिक असून, मर्यादित पैशांत असा वापरलेला कॅमेरा घेणेच श्रेयस्कर ठरते.