तेहतीस ‘अनाथ’

आज हैतीची गोष्ट. १२ जानेवारी २०१० ला भूकंपाने राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्स उद्ध्वस्त केली. अडीच आठवड्यांनी अमेरिकेतले दहा बाप्टिस्ट मिशनरी ३३ मुलांना बसमध्ये घालून शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिकला निघाले. तिथे भाड्याच्या हॉटेलात अनाथालय काढायचं होतं. सीमेवर अडवलं. कागदपत्रं नव्हती!

मुलांना एसओएस बालग्रामात ठेवलं. तिथे एक मुलगी रडत सांगत होती की मी अनाथ नाही, मला आईवडील आहेत. चौकशीत बाकीच्यांचंही तेच निघालं. बरीच मुलं राजधानीजवळच्या कालबास गावची, आईबापांनीच सोपवलेली. शिक्षण मिळेल, खेळायला मैदान असेल, तुम्हाला भेटायलाही येता येईल, असं त्यांना सांगितलं होतं. घर पडलेला बाप नाही कसं म्हणणार?

अपहरणाचे आरोप पुढे रद्द झाले. प्रमुख बाईंना बेकायदा प्रवास घडवल्याबद्दल दोषी ठरवून, भोगलेल्या कैदेवरच मे महिन्यात सोडलं. मला त्या दुष्ट वाटत नाहीत, आणि म्हणूनच ही गोष्ट जास्त खुपते. मुलांना घर द्यायला निघालेल्यांनी त्यांचं घर पाहिलंच नाही.

मार्चमध्ये आईबाप बालग्रामात आले आणि मुलांना घेऊन गेले.