जबड्यातील अस्थिकलम

दात पडल्यामुळे, हिरड्यांच्या रोगामुळे, अपघातामुळे अथवा कर्करोगावरील शस्त्रक्रियेमुळे जबड्याचे हाड कमी झाले असता त्या जागी दुसरे हाड किंवा अस्थिद्रव्य बसविण्याच्या शस्त्रक्रियेस जबड्यातील अस्थिकलम म्हणतात. दाताभोवतालचे हाड चावण्याच्या ताणामुळे टिकून राहते. दात गेल्यावर ते झिजू लागते व ही झीज पहिल्या वर्षात सर्वाधिक असते. त्यामुळे कृत्रिम दाताचे मूळ बसविण्यास पुरेशी उंची व रुंदी उरत नाही.

स्कॉटिश शस्त्रक्रियातज्ञ विल्यम मॅक्यूएन (१८४८–१९२४) यांनी १८७९-८० मध्ये इतर रुग्णांच्या नडगीचे तुकडे वापरून एका मुलाचे दंडाचे हाड पुन्हा उभे केले. पहिल्या महायुद्धात चेहऱ्यावर जखमा झालेल्या सैनिकांमुळे जबड्यातील कलमांस चालना मिळाली. मार्शल युरिस्ट (१९१४–२००१) यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की, अम्लाने खनिजे काढून टाकलेले निर्जीव हाडही शरीरात नवे हाड निर्माण करवू शकते. त्याच वर्षी स्वीडनमध्ये पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क (१९२९–२०१४) यांनी हाडाशी एकजीव होणारी टिटॅनियमची दंतमुळे प्रथम रुग्णास बसविली. यापुढे जबड्यात पुरेसे हाड असणे हा दंतचिकित्सेतील कळीचा प्रश्न ठरला.

रुग्णाचे स्वतःचे हाड सर्वोत्तम मानले जाते. परंतु ते काढण्यासाठी हनुवटी, नडगी किंवा कटीच्या हाडावर दुसरी जखम करावी लागते. ही अडचण दात्यांच्या अस्थींनी दूर होते. मुंबईतील परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आले. त्याच विभागाच्या तुर्भे (ट्रॉम्बे) येथील आयसोमेड संयंत्रात १९७४ पासून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्याचे निर्जंतुकीकरण होऊ लागले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाच्या कार्यक्रमांतर्गत या रुग्णालयात १९८८ मध्ये ऊतकपेढी स्थापन झाली. तेथे गोठवून निर्वातात वाळविलेले हाड साधारणपणे २५ किलोग्रे मात्रेच्या गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाऊ लागले. असे हाड साध्या तापमानात टिकते. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरसारख्या शहरांतील शीतगृहाची सोय नसलेल्या दंतचिकित्सालयांतही ते वापरता येण्याजोगे आहे. तथापि केवळ किरणांवर विसंबता येत नाही. काही विषाणू जंतूंपेक्षा अधिक चिवट असल्याने दात्याचा पूर्वेतिहास व रक्त यांची तपासणी अनिवार्य असते. मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम (१९९४) याच्या कक्षेत २०११ च्या दुरुस्तीने ऊतकांचाही समावेश झाला.

पेढीतील हाड निर्जीव असते. रुग्णाच्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, जुने द्रव्य शोषले जाते व रुग्णाचे स्वतःचे हाड त्याची जागा घेते. त्यामुळे ते लहान पोकळ्यांतच उपयुक्त ठरते. तंबाखूच्या सेवनाने होणारा मुखाचा कर्करोग महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात कधी जबड्याचा मोठा भाग काढावा लागतो व पुढे किरणोपचारही द्यावे लागतात. दात्याचे हाड सुरक्षित करणारे किरण जिवंत जबड्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या मात्र क्षीण करतात. अशा जागी निर्जीव हाड रुजत नाही. म्हणून पायाच्या बारीक हाडाचा (बहिर्जंघास्थीचा) तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून तो मानेतील रक्तवाहिन्यांना जोडतात. जबड्यासाठी ही पद्धत अमेरिकन शस्त्रक्रियातज्ञ डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये मांडली. या हाडात पुढे कृत्रिम दंतमुळेही बसविता येतात. त्यामुळे रुग्णास चेहऱ्याची ठेवण व अन्न चावण्याची क्षमता बऱ्याच अंशी परत मिळते.