डफ तोच, फड निराळा

सोलापूर जिल्ह्याच्या शाहिरीला गेल्या सव्वादोनशे वर्षांत बऱ्याच शाखा फुटल्या. कलगी-तुऱ्याची भेदिक गाणी, पोवाडा, ढोलकी फड, संगीत बारी, जलसा, कलापथक आणि अलीकडची गायन पार्टी ही सगळी एकाच कुळातली मंडळी. वाद्ये बरीचशी सारखी, चाली एकमेकांकडून उचललेल्या, कलावंतही पुष्कळदा त्याच वस्त्यांमधले. तरी ढोलकी फडातला सोंगाड्या स्वतःला बारीवाला म्हणवून घेणार नाही, आणि आंबेडकरी जलशात उभे राहिलेल्या माणसाला तमासगीर हा शब्द लागतो. हे भेद सुरांत शोधू गेले तर हाती फारसे येत नाही. नव्या प्रकाराने जुन्यातले काय टाकले, पुढे कोण उभे राहिले आणि बिदागी कोणाच्या हातून आली, या तीन गोष्टी पाहिल्या की ते उलगडतात.

सोलापूर शहरापुरता हा इतिहास रामजोशींपासून सुरू करावा लागतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरातल्या एका ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. थोरले बंधू मुद्गल जोशी पुराण सांगत, आणि धाकटे रामजोशी धोंडी शाहिराच्या तमाशात जाऊन बसत. थोरल्या भावाने घराबाहेर काढल्यावर ते पंढरपूरला गेले, तिथे शास्त्राध्ययन केले आणि कीर्तनकार होऊन परतले. मोरोपंतांच्या आर्या त्यांनी कीर्तनातून गाजवल्या. पण लावणी सुटली नाही. पुढे त्यांनी स्वतःचा फड उभा केला, संस्कृतातही लावण्या रचल्या, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात त्यांच्या कवनांना कदर मिळाली. १८१२ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. १९४७ साली व्ही. शांताराम यांच्या राजकमलने ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट काढला. त्यात जयराम शिलेदार रामजोशी झाले होते, आणि या चित्रपटाने सोलापूरच्या या शाहिराचे नाव घरोघरी पोचवले.

रामजोशींच्या आयुष्यातला कीर्तन आणि तमाशा यांचा तंटा घरगुती वाटला तरी पुढच्या सगळ्या भेदांची सुरुवात तिथेच दिसते. कीर्तन देवळात होई, तमाशा देवळाबाहेर. कीर्तनकाराला ऐकायला बायाबापड्या बसत, फडापुढे पुरुष जमत. शब्दांवरची हुकमत दोन्हीकडे तितकीच लागे. रामजोशींना दोन्हीकडचे जमले. त्यांच्या काळच्या प्रतिष्ठितांना मात्र एकाच तोंडून हे दोन्ही ऐकणे पचले नाही.

त्याच काळात शाहिरांमध्ये कलगी आणि तुरा असे दोन पक्ष होते. कलगीवाले शक्तीला, मायेला श्रेष्ठ मानत आणि तुरेवाले शिवाला, ब्रह्माला. रात्रभर डफ-तुणतुण्यावर भेदिक गाणी चालत. एका शाहिराने पुराणातले किंवा वेदान्तातले कोडे घालायचे, दुसऱ्याने ते गाण्यातूनच फोडायचे, आणि उत्तर सुचले नाही तर हार मानायची. निशाणाच्या रंगांपासून गुरुपरंपरेपर्यंत सगळे वेगळे असले तरी गाण्याची रीत मात्र तंतोतंत एकच. निष्ठा हाच भेद असलेले याहून स्वच्छ उदाहरण मराठी लोककलेत मिळत नाही. कोकणात हीच परंपरा शक्ती-तुरा म्हणून नाचासह टिकली. देशावर तिचा प्रश्नोत्तरांचा भाग तमाशाच्या सवाल-जवाबात मुरला.

तमाशातली फूट याहून खोल आहे. ढोलकी फड हा पुरता खेळ असतो. आधी गण, मग गवळण, त्यात मावशी आणि पेंद्याची चेष्टामस्करी, बतावणी, रंगबाजी, आणि शेवटी वग. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्या जोरावर मागे सुरत्ये उंच सूर धरतात. उमाजी सावळजकरांचा ‘मोहना बटाव’ हा १८६५ चा वग आद्य वग समजला जातो. तेव्हापासून कथा हा फडाचा कणा झाला. फड चालवणारे प्रामुख्याने महार आणि मांग समाजातले पुरुष. स्त्रीची भूमिका आधी नाच्या पोऱ्या करी. पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा हिवरगावकर उभी राहिली आणि ते चित्र पालटले. दसऱ्याला बाहेर पडायचे, गावोगावच्या जत्रा-यात्रांच्या सुपाऱ्या घ्यायच्या, उन्हाळा सरता सरता परतायचे, हा फडाचा वर्षाचा क्रम. पुढे कनात लावून तिकिटावर खेळ करणारे मोठे तंबूही आले.

संगीत बारीत वग नसतो. तिथे लावणी हीच मुख्य आणि ती गाणारी, नाचणारी, अदा करणारी बाई हीच पार्टीची मालकीण. साथीला तबला, पेटी आणि ढोलकी. एका थिएटरात अनेक पार्ट्या असतात आणि प्रत्येकीची बारी येते. पैसा तिकिटापेक्षा फर्माईश, दौलतजादा आणि खासगी बैठकीतून येतो. माढा तालुक्यातले मोडनिंब हे या कलेचे जुने ठाणे आहे. बारीतल्या बहुतेक स्त्रिया कोल्हाटी आणि त्यांच्या जवळच्या समाजांतल्या. मुलीने घुंगरू बांधले की तिचे लग्न होत नसे आणि सगळे घर तिच्या कमाईवर चाले. या रीतीची किंमत काय होती, हे सोलापूर जिल्ह्यातूनच आलेल्या डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ च्या आत्मकथनात लिहिले. बारीच्या सौंदर्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक शेजारी ठेवले पाहिजे. बाई मालकीण होती हे खरे. तिच्या मालकीचा पैसा कुठे जाई, हेही तितकेच खरे.

या दोन प्रकारांतली सीमा किती कडक होती, ते विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याकडे पाहिले की कळते. त्यांचा जन्म १९३५ साली पंढरपूरचा. त्यांचे घराणे ढोलकी फडाचे होते, म्हणून लावणीत अजोड असूनही त्या बारीच्या कलावंत मानल्या गेल्या नाहीत. वग, संवाद आणि शेकडो माणसांचा संसार पाठीवर घेऊन हिंडणारा तंबू हे त्यांचे जग होते. पुरुषांच्या हातातल्या फडाची मालकी एका बाईने इतक्या ताकदीने चालवली, ही त्यांच्या नाचाइतकीच मोठी गोष्ट आहे. अकलूजला १९९० च्या दशकात राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली आणि बारीतल्या पार्ट्या स्पर्धेच्या मंचावर आल्या. एरवी थिएटराची पायरी न चढणारा प्रेक्षक, त्यात स्त्रियाही, तिथे लावणी पाहायला येऊ लागला. दौलतजाद्याच्या जागी परीक्षकांचे गुण आले, आणि त्याबरोबर लावणीचा कपडा, वेळ आणि अदाही थोड्या बदलल्या.

जलसा हा तमाशातूनच निघाला आणि तमाशाविरुद्धच उभा राहिला. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहून, राजेरजवाड्यांच्या पदरी वाढलेला हा प्रकार शूद्रातिशूद्रांच्या इतिहासासाठी वापरला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि पुढच्या दशकांत त्याचे जलसे गावोगाव फिरू लागले. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा बराचसा ठेवला, पण त्यात भटशाही, सावकारी आणि अज्ञान यांवरचा मजकूर भरला. आंबेडकरी जलसा आणखी पुढे गेला. नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या मंडळींनी १९३० च्या दशकात त्याला आकार दिला. देवाचे स्तवन गेले, कृष्ण-गवळणींची छेडछाड गेली, नाचणारी बाई गेली. राहिले ते गाणे, संवाद आणि सभा. आपल्याच आयाबहिणींना वरच्या जातींच्या करमणुकीसाठी फडावर उभे करणारी रूढी मोडायची, हा त्यामागचा हेतू होता.

सोलापूर जिल्ह्यात या चळवळीची जमीन आधीच नांगरलेली होती. बहिष्कृतांची १९२४ ची परिषद बार्शीला डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली, आणि बहिष्कृत हितकारिणी सभेने आपले विद्यार्थी वसतिगृह १९२५ साली सोलापुरात उघडले. ज्या वस्त्यांनी फडाला ढोलकीवाले दिले, त्याच वस्त्यांनी जलशाला गायक दिले. म्हणूनच तमासगीर या शब्दाचा राग इतका जिव्हारी लागतो. घर तेच होते, एका पिढीने त्यातला एक मार्ग जाणूनबुजून बंद केला होता.

अशी फाळणी दूरच्या, अगदी वेगळ्या संगीतातही झाली आहे. अमेरिकेतल्या पंक संगीतातून १९८० च्या सुमारास हार्डकोर पंक निघाले. गिटार आणि ढोल तेच राहिले. नव्या मुलांनी पंकमधली फॅशन आणि मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांची ओढ टाकली, गाणी मिनिट-दीड मिनिटावर आणली, वेग वाढवला आणि स्वतःच कार्यक्रम भरवले, स्वतःच तबकड्या काढल्या. वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेट या मंडळीच्या १९८१ च्या एका गाण्यावरून दारू आणि नशा न करणाऱ्यांचा स्ट्रेट एज हा पंथ निघाला. त्याच शहरात काही वर्षांनी मनातली घालमेल उघड गाणारा गट वेगळा झाला, आणि इंग्लंडमध्ये नेपाम डेथने वेग टोकाला नेऊन ग्राइंडकोर घडवले. बाहेरच्या कानाला हा सगळा एकच गलका वाटतो. आतल्यांना कोण कोणाबरोबर मंचावर चढेल आणि कोण नाही, हे पक्के ठाऊक असते. नशेला दिलेला नकार ही तिथे पंथाची खूण ठरली. आंबेडकरी जलशात दारूबंदी आणि स्वच्छ राहणी हे विषय गाण्यात आले, तेव्हा त्यांनाही तशीच ओळखीची धार होती. फरक इतकाच की जलसाकाराला नकारासाठी पिढीजात पोट तोडावे लागले.

सोलापुरातल्या पुढच्या फांदीला खतपाणी गिरण्यांनी घातले. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल, मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा मिल्सनी तेलुगू पद्मशाली, कानडी लिंगायत, मराठी आणि मुसलमान कामगार एका भोंग्याखाली आणले. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर उसळले, गोळीबार झाला आणि इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. नावांवरूनच त्या लढ्याची व्याप्ती कळते.

या वातावरणात बार्शीचे अमर शेख घडले. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६. मोटारीवर क्लीनर, मग गिरणी कामगार. कामगार लढ्यातून आणि विसापूरच्या तुरुंगातून ते कम्युनिस्ट चळवळीत पोचले. १९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. या कलापथकाने तमाशाचा वग घेतला, पण राजाराणीच्या जागी मालक, सावकार आणि कामगार आणले. अण्णा भाऊंनी गणातल्या गणपतीऐवजी मायभूमी आणि शिवाजी महाराजांना वंदन केले. अमर शेखांचा पहाडी आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय मैदान भरून टाकी, असे ऐकणारे सांगत. त्यांच्यापुढे बसलेल्या कामगाराकडून तिकीट किंवा दौलतजादा नको होता. युनियनची वर्गणी आणि संपात टिकून राहणे हीच बिदागी.

राष्ट्र सेवा दलाचे कलापथकही त्याच सुमारास फिरत होते. वसंत बापट त्याचे आघाडीचे कवी आणि पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे त्याचे गाजलेले लोकनाट्य. दोन्ही कलापथकांची मांडणी जवळजवळ सारखी, पण सेवा दलाची मंडळी बहुतांशी शहरी, शिकलेली, समाजवादी, आणि त्यांचा विनोद मध्यमवर्गालाही पचेल असा. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि ती उठवताना संहितेची पूर्वतपासणी आणली. तेव्हापासून लोकनाट्य हे नाव रूढ झाले. त्या नावाने तमाशाला नाट्यगृहाचे दार उघडले, पण ढोलकी फडातल्या माणसाला तिथे क्वचितच जागा मिळाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख, अण्णा भाऊ आणि गवाणकर यांच्या शाहिरीने पक्षांच्या भिंती तात्पुरत्या पाडल्या. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळच्या अपघातात अमर शेखांचा अंत झाला. त्याच्या सहाच आठवडे आधी अण्णा भाऊ गेले होते.

१९५६ च्या धर्मांतरानंतर आंबेडकरी जलशाची जागा गायन पार्टीने घेतली. संवाद गळून पडले, गाणे उरले. वामनदादा कर्डकांची रचना आणि कव्वालीचा सामना ही तिची दोन अंगे झाली. प्रल्हाद शिंदे यांच्यासारखे गायक विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते दोन्ही गात आणि कॅसेटवर दोन्ही खपत. जलशाच्या शिस्तीत वाढलेल्या जुन्या माणसांना हे खटकले, पण श्रोत्यांनी ते स्वीकारले. मुंबईत विलास घोगरे आणि संभाजी भगत यांनी मात्र गायन पार्टीच्या सणसमारंभापासून बाजूला होऊन संपाच्या आणि मोर्चाच्या शाहिरीचा धागा पुन्हा उचलला.

सोलापुरातल्या मोठ्या मिल्स एकेक करून बंद पडल्या आणि कलापथकाचा कामगार प्रेक्षक पांगला. ढोलकी फड वगाआधी चित्रपटगीतांचा कार्यक्रम करू लागले आणि बारीच्या मंचावर रेकॉर्ड वाजू लागली. तरी राज्य सरकारच्या लोककला अनुदानाच्या अर्जात ढोलकी फड, संगीत बारी आणि शाहिरी यांचे रकाने आजही वेगळे आहेत.