पावती फाडण्याआधी

ट्रॅफिक पोलिसाने दंड केला की आपल्याकडे 'पावती फाडली' असं म्हणतात. आता कागद गेला, मशीन आलं, फोनवर ई-चलनाचा मेसेज येतो, तरी शब्द तोच राहिलाय. त्या शब्दात एक गैरसमजही पक्का बसलाय. पावती फाडली म्हणजे निकाल लागला, असं आपण धरून चालतो. कायदा तसं म्हणत नाही. गुन्हा शाबित धरून दंड ठोठावणं हे न्यायालयाचं काम आहे. रस्त्यावरचा अधिकारी जी रक्कम घेतो ती मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 200 प्रमाणे तडजोडीची रक्कम असते. एवढे भरा, मग खटला चालवत नाही, असा तो प्रस्ताव. तो नाकारता येतो. नाकारला तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं, आणि कोर्टात वकील उभा करता येतो.

आमच्या नंदुरबार जिल्ह्याला ही 'तडजोड' मोटारगाडीच्या आधीपासून ओळखीची आहे. अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या डोंगरात पहिल्यांदा ती आली जंगल खात्याबरोबर. 1878 च्या वन कायद्यात तिची सोय होती. पुढे 1927 च्या कायद्याच्या कलम 68 मध्ये ती कायम राहिली. किमान रेंजर दर्जाच्या आणि महिना किमान 100 रुपये पगाराच्या अधिकाऱ्याला हा अधिकार देता येई. चराई, लाकूडतोड अशा गुन्ह्याचा वाजवी संशय असला, तर त्याने 50 रुपयांपर्यंत 'भरपाई' घ्यायची आणि प्रकरण मिटवायचं. इथे संशय पुरेसा होता, पुराव्यापर्यंत गोष्ट जातच नव्हती. पैसे दिले की पुढची कारवाई बंद, पण आपण खरंच काही केलं होतं का, हा प्रश्नही तिथेच बंद. ज्याचं गाव कोर्टापासून दोन दिवसांच्या पायपिटीवर आहे, त्याच्यापुढे दुसरा पर्याय तरी कुठला होता?

रस्त्यावरच्या कायद्याची सुरुवात मात्र वेगळी होती. देशभरासाठी पहिला मोटार कायदा 1914 चा. त्याची जागा 1939 च्या सविस्तर कायद्याने घेतली. त्यातलं कलम 130 वाचण्यासारखं आहे. काही गंभीर गुन्हे सोडले तर बाकीच्या प्रकरणांत कोर्टाने समन्सवरच दोन वाटा लिहून द्यायच्या होत्या. पहिली वाट: स्वतः येऊ नका, वकील पाठवा. दुसरी वाट: ठरलेल्या तारखेआधी रजिस्टर्ड पत्राने गुन्हा कबूल करा आणि कोर्ट सांगेल ती, जास्तीत जास्त 25 रुपयांची, रक्कम पाठवा. इंग्लंडमध्ये पोस्टाने गुन्हा कबूल करायची सोय 1957 च्या कायद्याने आली. म्हणजे या बाबतीत हिंदुस्थान साहेबाच्या 18 वर्षं पुढे होता.

1988 च्या कायद्यात हे कलम 208 झालं. पत्राच्या जागी मनीऑर्डर आली आणि कबुली मनीऑर्डरच्या कुपनवरच लिहायची सोय झाली. कुपनचा तो चिमुकला चौकोन डोळ्यांसमोर आणा. गावी पैसे पाठवताना 'सर्व ठीक, काळजी नसावी' लिहायची ती जागा. तिथे आता 'गुन्हा मान्य' लिहायचं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एक साधा नियम आहे: ज्या वाटेवर कमी क्लिक, तिकडे बहुतेक लोक जातात. या नजरेने पाहिलं तर 1939 पासून कबुलीची वाट सतत गुळगुळीत होत आलीय. आधी पत्र, मग मनीऑर्डर, मग यूपीआय. आज दंड दोन मिनिटांत भरता येतो. नाकारण्यासाठी मात्र आधी तक्रार नोंदवा, ती फेटाळली तर कोर्ट, तारीख, साक्ष. धडगावच्या जीपवाल्याला तारखेसाठी एक दिवस द्यावा लागला की त्या दिवसाच्या फेऱ्या बुडाल्या. वकिलाची फी दंडापेक्षा जास्त असू शकते. मग 500 रुपयांसाठी कोण भांडणार?

पण रक्कम नेहमी 500 नसते. परवान्याशिवाय गाडी चालवण्याचा कमाल दंड 500 रुपये होता. 2019 च्या दुरुस्तीने तो थेट 5,000 झाला. महाराष्ट्राने वाढीव रकमा डिसेंबर 2021 पासून लागू केल्या. शिवाय काही गुन्ह्यांत परवाना निलंबित होऊ शकतो, आणि जीप किंवा ट्रक चालवणाऱ्यासाठी परवाना म्हणजे चूल. दारू पिऊन चालवण्याच्या कलम 185 मध्ये तर तुरुंगाचीही शिक्षा आहे आणि ते प्रकरण तडजोडीने मिटतच नाही. अशा वेळी वकील न करणं हे काटकसरीच्या नावाखाली मोठं नुकसान ठरू शकतं.

वकील करतो काय? तो पुरावा मागतो. कॅमेऱ्याने धरलेल्या गुन्ह्यांसाठी 2021 मध्ये केंद्रीय नियमांत 167-अ हा नियम आला. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, कॅमेऱ्याच्या आधी सूचनाफलक हवा, नोटीस 15 दिवसांत निघायला हवी, तिच्यात फोटो, वेळ, ठिकाण आणि यंत्राचं मोजमाप हवं. गाडी विकून वर्ष झालं तरी चलन जुन्या मालकाच्या नावावर येतं, किंवा नंबरप्लेटवरचा 3 यंत्राला 8 दिसतो. अशा प्रकरणात खरी लढाई या कागदांची असते. निव्वळ दंडाच्या गुन्ह्याची कोर्टाने दखल घ्यायला सहा महिन्यांची मुदत असते, हा मुद्दाही वकीलच काढतो.

राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली की अनेकांना वाटतं, चला, आता बाजू मांडता येईल. तिथे रक्कम कमी होऊ शकते हे खरं, पण लोकअदालत समेटासाठी असते. 'मी हे केलंच नाही' याचा निवाडा ती करत नाही. आणि तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसतं.

आता फीचा प्रश्न. गरिबाला वकील मिळावा, हा विचार आपल्या राज्यात जुना आहे. नंदुरबार हा पश्चिम खानदेशातला एक तालुका होता तेव्हा, 1949 मध्ये, मुंबई सरकारने न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली यासाठी समिती नेमली. 1976 मध्ये राज्यघटनेत अनुच्छेद 39-अ आला. 1978 मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्या. कृष्णा अय्यर यांनी कैद्याला मोफत वकील देणं ही शासनाची जबाबदारी असल्याचं सांगितलं. 1987 मध्ये विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून तो अमलात आला.

या कायद्याचं कलम 12 आमच्या जिल्ह्यासाठी जणू नाव घेऊन लिहिलंय. मोफत वकिलाचा हक्क कुणाला, याच्या यादीत पहिलंच नाव अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचं आहे, आणि तिला उत्पन्नाची अट नाही. पुढे स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 16,48,295 होती, आणि त्यातले साधारण 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे. उरलेल्यांतल्या स्त्रिया आणि मुलं धरली तर वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसण्याची गरज नसलेले लोक इथे पाचात चार तरी निघतात. बाजूत प्रथमदर्शनी तथ्य हवं, एवढीच कलम 13 ची अट. गुन्हा लहान की मोठा, हे कलम 12 विचारत नाही.

म्हणून प्रत्येक चलन लढवा, असं माझं म्हणणं नाही. हेल्मेट नव्हतं, सिग्नल तोडला, तर भरा आणि मोकळे व्हा. तडजोड त्यासाठीच आहे. पण जे केलं नाही त्याचे पैसे केवळ सोय आहे म्हणून भरायचे, ही सवय आमच्या डोंगराला शंभर वर्षांपूर्वी लावली गेली होती. तेव्हा कोर्ट दूर होतं आणि वकील परका होता. आज तालुक्यासाठी विधी सेवा समिती असते आणि 15100 हा फोन नंबर आहे. पुढचं चलन चुकीचं आलं, तर 'पैसे भरा' वर बोट ठेवण्याआधी तो एकदा फिरवून बघा.